कातऱ्याच्या रकान्यातलं शून्य

चाळीस वर्षं मी कानावर पोट भरलं. गाडी गॅरेजच्या फाटकात शिरली की मी आतूनच ओरडायचो, "टॅपेट ढिलं झालंय, बाजूला लाव!" ड्रायव्हर अजून खालीसुद्धा उतरलेला नसायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे; कुठलं बेअरिंग रडतंय ते आपोआप कळतं. हे मला कुणी शिकवलं नाही. नगरचे ट्रकवाले तेव्हा म्हणायचे, मिस्त्रीचे डोळे गेले तरी चालेल, कान जाऊ नयेत. आता ते आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि ते हसू काही बरं नसतं.

पक्ष्यांकडेही मी त्या कानापायीच गेलो. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई जीप घेऊन आल्या होत्या. मी जीपखाली आडवा, कोपरापर्यंत ग्रीस. बाई बाजूला उभ्या राहून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, की इथे बाभळीत काहीतरी बोलतंय पण ओळखू येत नाही. मी खालूनच म्हणालो, "मॅडम, अलीकडचा होला आहे. पलीकडे आहे तो खाटीक. तो दुसऱ्यांच्या नकला करतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका." बाई चक्क वाकून जीपखाली बघायला लागल्या. लहानपणी मी गुरांमागे हिंडलेला माणूस, मला त्यात काय विशेष? पण त्यांना वाटलं. "काका, तुम्ही आमच्यात या," म्हणाल्या, आणि मी गेलो.

त्यांचा एक गट होता. पावसाळ्यात माळावर वीण करणारे पक्षी मोजायचे. पगार नाही, पेट्रोल आपलं, चहासुद्धा आपापला. प्रत्येकाला एक रेघ वाटून दिलेली. रेघ म्हणजे माळावरून जाणारी ठरलेली वाट, तिच्यावर पाच थांबे. पहाटे उजाडता उजाडता पहिल्या थांब्यावर उभं राहायचं, दहा मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, ऐकू येईल आणि दिसेल ते लिहायचं, मग पुढच्या थांब्यावर. गाणारा नर म्हणजे एक जोडी धरायची. लोकांना वाटतं पक्षी बघून मोजतात. अहो, कमरेएवढ्या गवतात काय कपाळ दिसतंय? आधी कान सांगतो, मग डोळा तिकडे वळतो. कान गप्प राहिला तर डोळ्याने शोधायचं कुठे?

आणि एक नियम होता. स्वतः ऐकलं किंवा स्वतः पाहिलं तरच लिहायचं. दुसऱ्याने सांगितलेलं लिहायचं नाही. हा नियम गटात सगळ्यात कडक कोण पाळायचं? मीच. सावेडीत एका सभासदाच्या गच्चीवर आमची बैठक असायची, तिथे एकदा एका रिटायर्ड साहेबांनी भरलेला तक्ता आणला. बोलता बोलता ते सांगून बसले, की दोन पक्षी बायकोने ऐकले, मला नीट ऐकू आले नव्हते. मी तो तक्ता सगळ्यांसमोर आडवा फाडला. "वहिनींना सभासद करा आणि तुम्ही घरी बसा!" म्हणालो. सगळे हसले. ते साहेब पुन्हा आले नाहीत. तेव्हा मला काही वाटलं नाही. कामात लबाडी नको, असं माझं म्हणणं होतं आणि ते मी ठणकावून सांगायचो.

माझी रेघ पाथर्डीच्या अलीकडे होती, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका गावाच्या गायरानावर. पहाटे साडेचारला स्कूटर काढायची, करंजीच्या घाटात गार वारं खायचं, फटफटायच्या आत माळावर. तिकडे झाडं कमीच. खडक, मुरूम, पण पाऊस लागला की कुसळी गवत उभं राहायचं आणि वाऱ्यावर पाण्यासारखं हलायचं. त्या गवतात मला सगळ्यात प्रिय होता तो कातऱ्या. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे. तिथले लोक कातऱ्या म्हणतात, कारण शिंप्याने कापडावर कात्री चालवावी तसा तो आवाज करतो, टिच्, टिच्, टिच्. अंगठ्याएवढा जीव. विणीच्या दिवसांत नर वर चढतो, इतका वर की ठिपका होतो, आणि तिथे हेलकावे घेत प्रत्येक हेलकाव्याला एकदा कात्री मारतो. मॅडम म्हणायच्या, हा उभ्या गवताचा पक्षी आहे. हा आहे तोवर माळ जिवंत आहे असं समजायचं. तक्त्यात त्याचा रकाना पहिला होता.

पहिल्या वर्षी मी नऊ कातरे लिहिले. दुसऱ्या वर्षी आठ. मग पाच. मग दोन. मग शून्य.

शून्य लिहिलं त्या सकाळी मी पाचव्या थांब्यावरच्या दगडावर बसून राहिलो. तितर बोलत होते, टिटवी ओरडत होती, लांब कुठेतरी मोर. कातऱ्या नाही. मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. आणि माझा स्वभाव असा, की मला वाईट वाटलं की ते आधी रागाच्या वाटेने बाहेर पडतं. राग काढायला समोर शेळ्या सापडल्या. गावातली एक बाई वीस-बावीस शेळ्या घेऊन माळावर असायची. पन्नाशीची, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात फांद्या वाकवायची आकडी. तिला मी पहिल्याच वर्षी दमात घेतलं होतं, "मोजणी चाललीय, शेळ्या लांब ने!" तेव्हापासून माझी स्कूटर दिसली की ती बिचारी शेळ्या घेऊन टेकडीपलीकडे जायची. तरी मी शून्याच्या पुढे कारण लिहिलं, शेळ्यांची चराई. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

त्या बाईची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. ती आणि तिचा नवरा वीसेक वर्षं ऊसतोडीला जात होते. दसरा झाला की गाडी यायची, घराला कुलूप, आणि कारखान्याच्या फडावर पाचटाची खोपी. पाच-सहा महिन्यांनी परत. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. पुढे तिच्या कमरेने जवाब दिला. घरच्या दोन शेळ्यांच्या वीस झाल्या, तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं, आता मी फडावर मरायला येणार न्हाई. तेव्हापासून ते गेले नव्हते. म्हणजे ते दोघं त्या माळावर जगत होते, आणि मी तक्त्यात तिला माळाचा गुन्हेगार ठरवून मोकळा झालो होतो.

शून्य सलग तीन वर्षं आलं. तिसऱ्या वर्षी माझं डोकं फिरलं. तक्त्याच्या खाली शेऱ्यासाठी दोन ओळी असतात, तिथे सगळे 'हवामान ढगाळ' वगैरे लिहितात. मी लिहिलं, "माळ मेला आहे. इथे वाचवण्यासारखे काहीही उरलेले नाही." खाली सही ठोकली. मला वाटलं, हे वाचून कुणीतरी हलेल. मेल्यावर तरी चार माणसं जमतात ना?

याच वर्षांत घरी काय चाललं होतं ते सांगायला हवं. बायको म्हणायची, "अहो, टीव्ही शेजारच्यांसाठी लावलाय का?" मी म्हणायचो, हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. नातीला ताप होता म्हणून नवा थर्मामीटर आणला, काखेत लावून ठेवला, वाजेचना. मी मेडिकलवाल्याकडे जाऊन त्याला यथेच्छ झोडपलं, बिघडलेला माल गळ्यात मारतो म्हणून. त्याने माझ्यासमोर तो काखेत धरला. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, वाजतोय की." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस!" त्याने मुकाट्याने दुसरा दिला. तोही वाजला नाही. मी दोन्ही कपाटात टाकले. इंजिनातली सुई पडलेली ऐकणारा माणूस मी, मला शंका तरी कशी यावी? कान जातात तेव्हा अंधार होत नाही हो. जे ऐकू येत नाही ते नाहीच आहे असं वाटतं.

मागच्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला मी नेहमीप्रमाणे पाच थांबे केले, पहिल्या रकान्यात नेहमीचं शून्य घातलं आणि स्कूटरला किक मारली. स्कूटर सुरू होईना. मिस्त्रीची स्कूटर! प्लग काढला, पुसला, परत लावला, शिव्या दिल्या. तासभर झाला. मी अजून तिथेच आहे हे त्या बाईला माहीत नव्हतं, ती शेळ्या घेऊन वळणावरून सरळ माझ्या अंगावरच आली. घाबरून शेळ्यांना मागे हाकलायला लागली.

"राहू दे, राहू दे," मी म्हणालो. "झालं माझं मोजून."

ती थांबली. माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "मिस्त्री, एक इचारू का? रागवू नका. तुमी त्या कातऱ्याला का मोजत न्हाई?"

"असला तर मोजीन ना!" मी खेकसलो. "कातऱ्या संपला इथला. तीन वर्षं झाली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अवो, आत्ता वरडतोय की. तुमच्या डोस्क्यावर."

मी वर बघितलं. ढग. ती म्हणाली, "आता उतारला. त्यो बघा, त्या काडीवर बसला." तिच्या बोटाच्या रोखाने मी दुर्बीण लावली. कुसळीच्या एका काडीवर कातऱ्या बसला होता. शेपटी पंख्यासारखी उघडलेली, गळा फुगलेला. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. आवाज नव्हता. मी दुर्बीण काढली, परत लावली. चोच चालूच होती. बाजूला ती बाई त्या चोचीच्या ठेक्याला बरोबर मान हलवत होती.

मी दगडावर बसलो. ती म्हणाली, "काय झालं? चक्कर आली का? पानी देऊ?" मी मान हलवली. तिला काय सांगणार होतो, की बाई, तुझ्या शेळ्यांनी काही खाल्लं नाही, माझ्या गॅरेजने माझे कान खाल्ले?

मग मी तिला घेऊन पाचही थांबे पुन्हा केले. तेव्हा दिवस वर आला होता, तसं मोजायचं नसतं, पण मला दम निघत नव्हता. ती प्रत्येक ठिकाणी डोळे किलकिले करून उभी राहायची आणि बोटाने दाखवायची. हितं एक. तिकडं बांधाला एक. दोघं भांडत्यात बघा. सात झाले. चार मला दुर्बिणीत सापडले, तीन नाही सापडले. सात नर, सात जोड्या. तीन वर्षं ते माझ्या डोक्यावर कात्र्या चालवत होते आणि मी खाली उभा राहून त्यांचा मृत्यू लिहीत होतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. वाटलं हसेल. ती हसली नाही. कपाटातून दोन्ही थर्मामीटर काढून तिने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "चला, उद्या डॉक्टरकडे." डॉक्टरने कानावर डबडी चढवून बटणं दाबली आणि कागदावरची उतरती रेघ दाखवली. जाड आवाज शाबूत, बारीक गेलेले. "मोठ्या इंजिनांत काम केलंय का?" म्हणाला. मशीन घेतलं. बैल गेला अन् झोपा केला. मशीनमुळे बायकोचं बोलणं नीट ऐकू येतं, पण माळावर त्यात फक्त वारा घोंगावतो, कातऱ्या नाही येत.

मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, लाज गिळून. म्हणालो, ते तीन शून्य खोडा, या वर्षीचे सात लिहा. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. मग त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या रेघेवरच्या गावच्या ग्रामपंचायतीने आपल्याकडे माहिती मागितली होती. गायरानावर सोलरचा प्रकल्प यायचाय. मी मागच्या तिन्ही वर्षांचे तक्ते दिलेत."

"शेऱ्यासकट?"

"शेऱ्यासकट."

नीट समजून घ्या, गावाने काही पाप केलं नाही. विहिरीवरची मोटार चालू करायला अंधारात विंचू-काट्यातून जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज हवी असेल तर त्याचं काय चुकलं? प्रकल्प होणारच होता. प्रश्न जागेचा होता. गावाकडे दोन जागा होत्या. एक हा गवताचा माळ, दुसरी ओढ्यापलीकडची खडी, जिथे कुसळसुद्धा उगवत नाही. खडीवर खर्च जास्त, पण होण्यासारखं होतं. कुठली द्यायची ते पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरणार होतं.

मी गेलो. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. ती बाई पण आली होती, बायकांच्या घोळक्यात कडेला बसली होती. सोलर कंपनीचा, इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगेला इसम उठला आणि मोबाईलमध्ये बघून म्हणाला, की गवताच्या माळावर पक्ष्यांची वीण होते अशी काहींची शंका आहे, तर पक्षी मोजणाऱ्यांच्याच तज्ज्ञाने काय लिहिलंय ते ऐका. आणि त्याने वाचलं. "माळ मेला आहे. इथे वाचवण्यासारखे काहीही उरलेले नाही." तज्ज्ञ म्हणे! माझंच वाक्य, आणि त्या व्हरांड्यात ते इतकं खणखणीत वाजलं की मला मशीनशिवायही ऐकू आलं असतं.

मी उभा राहिलो. "ते मी लिहिलंय," म्हणालो, "आणि ते चूक आहे. तिथे सात जोड्या आहेत. मला ऐकू आल्या नाहीत. माझे कान गेलेत."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. सरपंचांच्या शेजारी बसलेला एक म्हातारा, माणूस वाईट नव्हता, शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, तुमचे कान गेले, मग ह्या सात जोड्या ऐकल्या कुनी?"

मी त्या बाईकडे बघितलं. ती उठली. डोक्यावरचा पदर दाताखाली धरून उभी राहिली, मग पदर सोडून म्हणाली, "म्या ऐकल्यात. रोज ऐकती. लई हायती. माळ मेला बिला काय न्हाई."

"तुला शेळ्या चारायच्यात," कुणीतरी ओरडलं, "तू सतरा सांगशील!" आणि मग सगळी सभा हसली, बायकासुद्धा. कुणी तरी अजून पुढे गेलं, "मिस्त्री, तुमच्याच कागदावर शेळ्यांनी पक्षी घालवले असं लिवलंय की. आता त्याच शेळीवालीची साक्ष काडता का?"

मला खूप बोलायचं होतं. माझी जीभ कधी कुणापुढे आखडलेली नाही. पण त्या क्षणी मला गच्चीवरचे ते रिटायर्ड साहेब दिसले, फाटलेल्या तक्त्याचे दोन तुकडे हातात घेऊन उभे राहिलेले. काय वेगळं सांगत होतो मी? माझा कान नाही, माझा डोळा अर्धा, आणि बाकीचं दुसऱ्याने सांगितलेलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तो कागद फाडला असता. मी खाली बसलो. हात वर झाले. माळ दिला.

रात्री मॅडमचा फोन आला. "काका, मी चार लिहू शकते. तुम्ही पाहिलेले. तीन नाही." मग हळूच म्हणाल्या, "आणि आधीची तीन वर्षं तशीच राहतील. नियम तुम्हाला माहीत आहे." माहीत नसायला काय झालं, मीच तर घोकून घेतला होता सगळ्यांकडून. त्या म्हणाल्या, मिरजगावच्या बाजूला एक तलाव आहे, तिथे बदकं वगैरे नुसती बघून मोजायची असतात, ती रेघ घेता का? मी नको म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो बहुतेक.

दिवाळीनंतर जेसीबी आले. गवत वाळलेलं होतं, त्यांनी मुळासकट खरवडून मुरूम उघडा केला आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. हे मला त्या बाईने फोनवर सांगितलं. शेळ्या डोंगराच्या चढावर नेऊन बघितल्या, दोन दरीत गेल्या. संक्रांतीपर्यंत तिने सगळ्या बाजारात नेल्या. एक ठेवली, चहाच्या दुधापुरती.

या वर्षी पावसाळ्यात मी परत गेलो. मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, "कशाला जिवाला त्रास करून घेता?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. आता तेवढी सोय झालीय. निघण्याआधी त्या बाईला फोन केला, की येशील का जरा सकाळी. ती आली. हातात आकडी नव्हती, मोकळ्या हाताने आली म्हणून मला आधी ओळखूच आली नाही.

रेघ आता कुंपणाच्या बाहेरून जात होती. आत निळ्या प्लेटांच्या रांगा, खाली मुरूम. प्लेटांच्या मधे गवताची एक काडी ठेवलेली नाही, वणवा लागू नये म्हणून औषध मारतात म्हणे. पाचही थांबे कुंपणाला टेकून केले. मी कागद धरून उभा, ती ऐकत उभी. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. दहा मिनिटं म्हणजे फार वेळ असतो. चार थांब्यांवर ती काही बोलली नाही. नुसती पुढे चालायला लागायची.

चालता चालता म्हणाली, "मुकादम येऊन गेला. नाव घातलं दोघांचं. दसरा झाला की गाडी येनार." मी विचारलं, "कंबर?" ती म्हणाली, "कंबर हाय तशीच हाय. पट्टा बांधायचा." मला तिची माफी मागायची होती. स्कूटरवरून येताना सबंध करंजीचा घाट मी ते वाक्य जुळवत आलो होतो. माझ्या तोंडून निघालं एवढंच, की सांभाळून राहा.

पाचव्या थांब्यावर, माझ्या त्या दगडापाशी, तिने डोळे किलकिले केले. मान जरा तिरकी केली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वरडतोय की, मिस्त्री. एक न्हाई, तीन हायती. तिकडं लांब, पल्याडच्या अंगाला."

मी तिकडे बघितलं. पल्याडच्या अंगाला प्लेटा होत्या आणि त्यांच्या पलीकडे कंपनीचा रस्ता. कातऱ्या उभ्या गवताचा पक्षी आहे. हे मला माहीत होतं, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. या वेळी तिने बोटाने काही दाखवलं नाही.

मी कागद गुडघ्यावर घेतला आणि पहिल्या रकान्यात शून्य लिहिलं. पहिल्यांदाच ते बरोबर होतं. तिला वाचता येत नाही.

"लिवलं का?" तिने विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो. "तीन."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि गावाच्या वाटेने चालायला लागली.